मुकुट एप्रिलमध्ये नाकारला, पण डाव सप्टेंबरमध्येच हरला होता

प्रश्न असा आहे: 1848च्या क्रांतीत जर्मन उदारमतवाद्यांना निवडून आलेली संसद मिळाली, वर्षभरात त्यांनी राज्यघटनाही तयार केली. तरी जर्मनी एक व्हायला आणखी बावीस-तेवीस वर्षं आणि प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या तीन लढाया का लागल्या? आणि "प्राध्यापक नुसते बोलत बसले, शेवटी प्रशियाच्या राजाने गटारातला मुकुट नाकारला" हे पुस्तकातलं उत्तर पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. पदवीच्या वर्गाला युरोपचा इतिहास शिकवताना आणि उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता त्याला निम्मे गुण देऊन पुढे जातो. निम्मे, कारण घटना खऱ्या आहेत. उरलेले निम्मे जातात, कारण त्यात कारण सांगितलेलंच नाही. माझ्या मते ही संसद, म्हणजे फ्रांकफुर्टला भरलेली जर्मन राष्ट्रीय संसद, बोलण्यामुळे बुडाली नाही, ती उसन्या सैन्यामुळे बुडाली. आणि तिचा निकाल एप्रिल 1849 मध्ये बर्लिनच्या राजवाड्यात लागला नाही. तो सप्टेंबर 1848 मध्येच लागला होता, माल्मो नावाच्या स्वीडिश बंदरातल्या एका तहावरून. पुढचे सात-आठ महिने म्हणजे प्रेतयात्राच, फक्त ती फार थाटात निघाली.

आधी थोडी पार्श्वभूमी, भराभर. 1815 नंतर "जर्मनी" नावाचा देश नव्हता. 39 राज्यांचा एक महासंघ होता. त्यात ऑस्ट्रिया आणि प्रशिया ही दोन बडी राज्यं, बव्हेरिया-सॅक्सनी-हॅनोव्हरसारखी मधली, नकाशावर भिंग लावून शोधावी लागतील अशी चिमुकली आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक, फ्रांकफुर्ट ही चार स्वतंत्र शहरं. महासंघाची सभा फ्रांकफुर्टला भरायची, पण ती राजांनी पाठवलेल्या दूतांची होती. लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस तिथे नव्हता. एक तपशील मात्र ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे: डेन्मार्कचा राजा होल्स्टाइनचा ड्यूक या नात्याने या जर्मन महासंघाचा सदस्य होता.

या व्यवस्थेत उदारमतवादी कोण? वकील, न्यायाधीश, व्यापारी, गिरणीमालक, शिक्षक, पत्रकार आणि सरकारी नोकरांतले सुशिक्षित. त्यांच्या मागण्या म्हणजे लेखी राज्यघटना, वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य, ज्यूरीपुढे खटले आणि एक राष्ट्र. स्वातंत्र्य आणि एकी या त्यांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नव्हत्या. हे राजे गेल्याशिवाय, निदान वठणीवर आल्याशिवाय, सेन्सॉर जाणार नाही असा साधा हिशोब होता. 1819च्या कार्ल्सबाड फर्मानांनी विद्यापीठं आणि छापखाने पोलिसांच्या देखरेखीखाली आणले होते. 1832 मध्ये हाम्बाखच्या पडक्या किल्ल्यावर वीस-तीस हजार माणसं जर्मन एकीचा काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन चढली. 1837 मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी निषेध केला आणि नोकऱ्या गमावल्या. परीकथांचे ग्रिम बंधू त्या सातांत होते, आणि इतिहासकार डाल्मानही. डाल्मानचं नावही लक्षात ठेवा.

1834च्या जकात संघाचं, म्हणजे आपसांतली जकात उठवणाऱ्या जर्मन राज्यांच्या संघाचं, पुस्तकांत जरा जास्तच कौतुक होतं. बाजारपेठ एक झाली म्हणून राष्ट्र एक झालं, असं लिहायला सोपं जातं. पण 1866 मध्ये प्रशिया-ऑस्ट्रिया युद्ध पेटलं, तेव्हा बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, व्युर्टेम्बर्ग ही जकात संघातलीच राज्यं प्रशियाविरुद्ध लढली. जकात एक असली म्हणून तोफा एका बाजूला वळत नाहीत.

क्रांतीला दारूगोळा मिळाला तो भुकेतून. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, त्यानंतर धान्यही पिकलं नाही आणि 1847च्या वसंतात बर्लिनच्या बाजारात बटाट्यांसाठी दंगल झाली. त्याच महिन्यात प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याने पूर्वेकडच्या रेल्वेसाठी कर्ज हवं म्हणून सगळ्या प्रांतांची एकत्रित सभा बोलावली. वर उद्घाटनाच्या भाषणात सांगून टाकलं की परमेश्वर आणि हा देश यांच्या मध्ये राज्यघटना नावाचा कागदाचा कपटा मी कदापि येऊ देणार नाही. सभेने कर्ज नाकारलं. हा राजा मूर्ख नव्हता. तो हुशार, बोलका, कलाप्रेमी होता. फक्त मनाने मध्ययुगात राहत होता.

24 फेब्रुवारी 1848ला पॅरिसमध्ये राजा पळाला आणि तीन आठवड्यांत जर्मन राज्यांमध्ये एकेक सिंहासन डुगडुगू लागलं. 13 मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निख याने राजीनामा दिला. 18 मार्चला बर्लिनच्या राजवाड्यासमोर जमलेल्या गर्दीत दोन गोळ्या सुटल्या आणि संध्याकाळपर्यंत शहरभर बॅरिकेड उभे राहिले. रात्रभर लढाई होऊन अडीचशेच्या वर नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी मृतदेह राजवाड्याच्या चौकात आणले गेले आणि राजाला सज्जात येऊन टोपी काढून त्यांच्यापुढे मान झुकवावी लागली. 21 तारखेला तो दंडावर काळा-लाल-सोनेरी पट्टा बांधून शहरातून घोड्यावर फिरला.

वर्गात इथे मी मुद्दाम थांबतो आणि विचारतो, त्या रात्री प्रशियाचं सैन्य हरलं का? हरलं नाही. राजाने ते मागे घेतलं, आणि ते शहराबाहेर पोट्सडॅमच्या बाजूला जसंच्या तसं शाबूत राहिलं. तेच सरदार घराण्यातले अधिकारी, तीच शपथ, आणि शपथ राजाच्या नावाची, राज्यघटनेच्या नाही. प्रशियात, ऑस्ट्रियात, सगळीकडे हेच झालं. राजांनी मंत्रिमंडळं बदलली, उदारमतवाद्यांना बोलावून मंत्री केलं. बर्लिनमध्ये ऱ्हाइनकाठचे कांपहाउसेन आणि हान्झेमान सत्तेवर आले, एक बँकर आणि दुसरा उद्योजक. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. त्यांनी खुर्च्या जिंकल्या होत्या. बंदुका होत्या तिथेच राहिल्या.

उदारमतवाद्यांना त्या बंदुका हातात घ्यायच्याही नव्हत्या. हा मुद्दा थोडा अप्रिय आहे. त्यांना राजांची जितकी भीती होती, तितकीच खालून येणाऱ्या लोंढ्याची होती. गरीब कारागीर, उपाशी विणकर, जमीनदाराच्या कचेरीतली वेठबिगारीची कागदपत्रं जाळणारे शेतकरी, सगळ्यांचीच. 1793चं पॅरिस, फ्रेंच क्रांतीतलं ते दहशतीचं राज्य, त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. एप्रिल 1848 मध्ये नैऋत्येकडच्या बाडेन राज्यातला जहाल पुढारी हेकर याने प्रजासत्ताक पुकारून काही शेकडा स्वयंसेवकांनिशी कूच केलं, तेव्हा ते मोडायला महासंघाचंच सैन्य गेलं आणि मवाळांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. कान्डर्नच्या चकमकीत सरकारी फौजेचा सेनापती मारला गेला. त्याचं नाव फ्रीडरिश फॉन गागर्न. त्याचा धाकटा भाऊ हाइनरिश महिन्याभरात राष्ट्रीय संसदेचा अध्यक्ष झाला. राजांचं सैन्य उसनं घ्यायची सवय इथे लागली.

18 मे 1848ला संसद भरली. शहरात घंटा, तोफा, झेंडे. सभासद मिरवणुकीने सेंट पॉलच्या चर्चमध्ये गेले. हे चर्च लंबगोल होतं आणि त्यात आवाज घुमायचा, म्हणजे भाषणासाठी अगदी गैरसोयीचं. वर गॅलरीत शेकडो लोक, बायकांसाठी वेगळी जागा. मतदानाचा हक्क मात्र बायकांना नव्हता. ऑर्गन झाकायला फिलिप फाइटने रंगवलेली जर्मेनियाची भलीमोठी तसबीर टांगली होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं आणि 1948 मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, साधेपणाने पुन्हा बांधलं गेलं. मी गेलो होतो तेव्हा आत पांढऱ्या भिंती, खुर्च्या आणि झेंड्यांची रांग, एवढंच होतं. आठशेच्या आसपास माणसं वर्षभरात आलटूनपालटून तिथे बसली, यावर विश्वास बसेना.

"प्राध्यापकांची संसद" हे नाव तिला चिकटलं, पण विद्यापीठाचे प्राध्यापक जेमतेम पन्नासच्या घरात होते. खरी गर्दी न्यायाधीश, वकील आणि सरकारी अधिकाऱ्यांची होती. कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कामगार एकही नाही. आपण ज्याला पक्ष म्हणतो ते तिथे हळूहळू जमले आणि ज्या खानावळीत, ज्या कॉफीगृहात संध्याकाळी बसायचे तिचंच नाव त्यांना पडलं. उजव्यांचं काफे मिलानी, मवाळांचं कझिनो, डाव्यांचं डॉइचर होफ, त्याहून जहालांचं डोनर्सबेर्ग. डॉइचर होफचा पुढारी रॉबर्ट ब्लूम हा कोलोनच्या गरीब घरातून वर आलेला, नाटकगृहात नोकरी केलेला माणूस.

आता "नुसते बोलत बसले" या आरोपाकडे येऊ. जुलैपासून डिसेंबरपर्यंत मूलभूत हक्कांवर चर्चा चालली हे खरं. पण ज्यांच्या आयुष्याची तीस वर्षं सेन्सॉरखाली गेली, त्यांनी आधी हक्क लिहून घ्यावेत यात वेडेपणा काय? 27 डिसेंबर 1848ला हे हक्क कायदा झाले. कायद्यापुढे समता, सरदारकीचे विशेषाधिकार रद्द, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, धर्मामुळे नागरी हक्कांत फरक नाही. म्हणजे ज्यूंनाही पूर्ण नागरिकत्व. हॅम्बुर्गचे ज्यू वकील गाब्रिएल रीसर तर संसदेचे उपाध्यक्षच होते. फाशीही रद्द झाली, लष्करी कायद्यासारखे काही अपवाद वगळून. आणि दुसरं म्हणजे, सरकार बनवायला त्यांनी उशीर लावला नाही. संसद भरून सहा आठवडे होतात तोवर, 29 जूनला, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक योहान याला मोठ्या बहुमताने हंगामी राष्ट्रप्रमुख नेमलं. तो राजघराण्यातला, पण पोस्टमास्तरच्या मुलीशी लग्न केलेला, म्हणून लोकांत प्रिय. त्याच्या हाताखाली मंत्रिमंडळ आलं. पंतप्रधान लाइनिंगेन, म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा सावत्र भाऊ. जुन्या महासंघाच्या सभेने 12 जुलैला आपले अधिकार या सरकारच्या हवाली केले.

अधिकार आले, हातपाय आले नाहीत. कर गोळा करणारे अधिकारी नव्हते, पैसा राज्यांनी वर्गणी पाठवली तर यायचा. परराष्ट्र खातं होतं, पण अमेरिकेने राजदूत पाठवून मान्यता दिली तरी ब्रिटन, फ्रान्स, रशिया या बड्या सत्तांनी दिली नाही. युद्धमंत्री पॉइकर हा स्वतः प्रशियन सेनापती. त्याने फर्मान काढलं की 6 ऑगस्टला सगळ्या जर्मन राज्यांच्या फौजांनी संचलन करून राष्ट्रप्रमुखाचा जयजयकार करावा. छोट्या राज्यांनी केला. प्रशिया आणि ऑस्ट्रियाने कानाडोळा केला. हे नाटक वाटतं, पण राज्यशास्त्राचं याहून सोपं प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. सैनिक कोणाला सलाम ठोकतो ते पाहायचं, की सार्वभौम कोण ते कळतं.

आपल्याकडे सरदार पटेलांना "भारताचे बिस्मार्क" म्हणतात, म्हणून मुलं विचारतात, की मग गागर्नला संस्थानं का विलीन करता आली नाहीत? पटेलांच्या मागे चालू स्थितीतलं केंद्र सरकार, तिजोरी आणि फौज होती. गागर्नच्या मागे टाळ्या होत्या.

आता माल्मो. श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन परगण्यांचा राजा एकच, डेन्मार्कचा. होल्स्टाइन जर्मन महासंघात, श्लेस्विग नाही. श्लेस्विगच्या उत्तरेत डॅनिश बोलणारे, दक्षिणेत जर्मन. दोन्ही परगणे कायम एकत्र राहतील असं 1460चं एक वचन होतं, आणि जर्मन बाजू त्यावर बोट ठेवायची. मार्च 1848 मध्ये डेन्मार्कमध्येही उदारमतवाद्यांचं राज्य आलं आणि त्यांनी श्लेस्विग डॅनिश राज्यात सामील करायचं ठरवलं. म्हणजे दोन्हीकडे उदारमतवादी, दोन्हीकडे राष्ट्रवादी आणि जमीन एकच. कीलमध्ये जर्मनांनी हंगामी सरकार उभारलं. महासंघाच्या वतीने लढायला कोण गेलं? प्रशियाचं सैन्य, सेनापती व्रांगेल. ते डेन्मार्कच्या भूमीत, जटलंडमध्ये घुसलं.

पण डेन्मार्कचं आरमार समुद्रात मोकळं होतं. त्याने जर्मन बंदरांची नाकेबंदी केली, प्रशियाचा बाल्टिकवरचा व्यापार ठप्प झाला. याच संतापात फ्रांकफुर्टच्या संसदेने जूनमध्ये राष्ट्रीय आरमारासाठी साठ लाख थालर (त्या वेळचं चांदीचं नाणं) मंजूर केले होते, पण ठरावाने जहाजं तरंगत नाहीत. रशिया आणि ब्रिटन प्रशियावर दबाव आणत होते. राजालाही हे युद्ध मनापासून नकोच होतं, एका राजाविरुद्धच्या बंडखोरांच्या बाजूने लढणं त्याला खुपत होतं. 26 ऑगस्टला प्रशियाने माल्मोला सात महिन्यांची युद्धबंदी केली. फ्रांकफुर्टने घातलेल्या अटी बाजूला ठेवल्या. कीलचं हंगामी सरकार विसर्जित करून सैन्य मागे घ्यायचं ठरलं.

बातमी फ्रांकफुर्टला पोचली तेव्हा सभागृह पेटलं. ज्या राष्ट्राच्या नावाने युद्ध चाललं होतं, त्याला न विचारता तह? 5 सप्टेंबरला डाल्मान बोलायला उभे राहिले. ग्योटिंगेनच्या सातांपैकी तेच डाल्मान, मवाळांतले मवाळ, आणि पूर्वी कीलमध्ये शिकवलेले, त्यामुळे हा प्रश्न त्यांना घरचा. परक्या सत्तांपुढे आज वाकलो तर पुन्हा कधी ताठ उभे राहू शकणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. तहाची अंमलबजावणी थांबवावी हा ठराव 17 मतांनी मंजूर झाला. लाइनिंगेनच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मग योहानने डाल्मानना सांगितलं, तुम्ही सरकार पाडलंत, आता तुम्हीच बनवा.

डाल्मान दिवसेंदिवस खटपट करत राहिले. जमलं नाही. त्यांच्या ठरावाला मत देणारे निम्मे डावे होते, आणि डाव्यांबरोबर मंत्रिमंडळात बसायला डाल्मान तयार नव्हते, डावेही त्यांच्याबरोबर नव्हते. पण खरी अडचण माणसांची नव्हतीच. तह नाकारायचा म्हणजे युद्ध चालू ठेवायचं. कोणाच्या सैन्याने? प्रशिया तर घरी निघाला होता. मग उरतो एकच मार्ग, तो म्हणजे लोकांच्या हाती शस्त्रं द्यायची, बर्लिनला धाब्यावर बसवायचं, 1792च्या फ्रान्ससारखं अख्खं राष्ट्र रणात उतरवायचं. ती वाट हेकरच्या प्रजासत्ताकाकडे जात होती, आणि मवाळांनी ती एप्रिलमध्येच बंद करून टाकली होती. इथे आड तर तिथे विहीर.

16 सप्टेंबरला त्याच सभागृहाने 21 मतांनी तह गिळला.

दोन दिवसांनी फ्रांकफुर्टच्या रस्त्यांवर बॅरिकेड उभे राहिले, आणि या वेळी ते राजांविरुद्ध नव्हते, संसदेविरुद्ध होते. जवळच्या माइन्झच्या किल्ल्यातून प्रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा मागवाव्या लागल्या. शहराबाहेर जमावाने उजव्या बाजूचे दोन सभासद, लिश्नोव्स्की आणि आउअर्सवाल्ड, यांना ठार मारलं. आत मूलभूत हक्कांवर चर्चा, दाराशी प्रशियाचे संगिनधारी शिपाई. तेव्हापासून ही संसद राजांच्या मेहरबानीवर जगली आणि राजांना ते कळलं. मी विद्यार्थ्यांना म्हणतो, एकच तारीख पाठ करायची असेल तर 16 सप्टेंबर करा.

पुढच्या घटना किती वेगाने आल्या पाहा. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात पुन्हा उठाव झाला. डाव्यांचा निरोप घेऊन रॉबर्ट ब्लूम तिथे गेले आणि लढाईतही उतरले. सेनापती विंडिशग्रेट्झने शहर तोफांनी झोडून घेतलं आणि 9 नोव्हेंबरला ब्लूमना गोळ्या घालून मारलं. सभासदांना अटकेपासून संरक्षण देणारा कायदा संसदेने सप्टेंबरअखेर केला होता. तो व्हिएन्नात कोणी उघडूनही पाहिला नाही. दुसऱ्याच दिवशी व्रांगेल, श्लेस्विगहून परतलेला तोच व्रांगेल, प्रशियाचं सैन्य घेऊन बर्लिनमध्ये शिरला. 5 डिसेंबरला प्रशियाची स्वतःची वेगळी संसद बरखास्त झाली आणि राजाने स्वतःच्या अटींवर एक राज्यघटना जाहीर केली.

विंडिशग्रेट्झबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. जूनमध्ये याच माणसाने प्राग शहरावर तोफा डागल्या होत्या, चेकांचं बंड मोडायला. तेव्हा फ्रांकफुर्टमधल्या अनेकांनी समाधान मानलं होतं, कारण चेक नेते पालात्स्की यांनी जर्मन संसदेचं आमंत्रण नाकारलं होतं. जुलैत पोझेन या प्रशियाच्या ताब्यातल्या पोलिश प्रांतावरच्या चर्चेत डाव्या बाजूचा कवी व्हिल्हेल्म योर्डान उठून पोलिश लोकांच्या हक्कांची टिंगल करत राष्ट्राच्या "निरोगी स्वार्था"ची भाषा बोलला आणि बहुमताने पोझेनचा मोठा भाग जर्मनीत ओढला. पोल, चेक, डेन, इटालियन यांच्याविरुद्ध राजांच्या ज्या फौजा चालून गेल्या, त्यांना टाळ्या वाजवताना हे विसरलं गेलं की त्याच फौजा परत येणार आहेत. विंडिशग्रेट्झ प्रागहून व्हिएन्नाला आला.

यानंतरचा मोठा जर्मनी की छोटा जर्मनी हा वाद पुस्तकात सविस्तर असतो, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रियाचे जर्मन प्रांत आत घ्यायचे तर हॅब्सबर्ग घराण्याचं ऑस्ट्रियन साम्राज्य दोन तुकड्यांत कापावं लागणार. नाही तर ऑस्ट्रियाला वगळून प्रशियाच्या नेतृत्वाखाली छोटा जर्मनी करायचा. ऑस्ट्रियाचा नवा पंतप्रधान श्वार्त्सेनबेर्ग याने 4 मार्च 1849ला अखंड साम्राज्याची राज्यघटना लादून वाद मिटवून टाकला. मग फ्रांकफुर्टमध्ये घासाघीस झाली. मवाळांना हवा होता वंशपरंपरागत प्रशियन सम्राट, डाव्यांतल्या काहींनी त्याच्या बदल्यात सार्वत्रिक मताधिकार मागून घेतला. 27 मार्चला वंशपरंपरेचं कलम 267 विरुद्ध 263 मतांनी मंजूर झालं. चार मतं! दुसऱ्या दिवशी फ्रीडरिश विल्हेल्म 290 मतांनी सम्राट निवडला गेला, 248 जण तटस्थ राहिले.

3 एप्रिलला एडुआर्ड झिमसन यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ बर्लिनच्या राजवाड्यात उभं राहिलं. राजाने गोड शब्दांत टाळलं, महिनाअखेरीला स्वच्छ नकार दिला. पण त्याचं मन कळायला तेवढं थांबायची गरज नव्हती. डिसेंबरमध्येच त्याने लंडनमधला आपला राजदूत बुन्सेन याला पत्रात लिहिलं होतं की हा मुकुट माती-चिखलातून घडवलेला आहे, त्याला क्रांतीच्या मढ्याचा वास येतो. म्हणजे विचारण्याच्या चार महिने आधी उत्तर तयार होतं. हा मुकुट द्यायचा तर माझ्या बरोबरीच्या राजांनी द्यावा, हे त्याचं म्हणणं. 28 छोट्या-मोठ्या सरकारांनी राज्यघटना स्वीकारली होती. ज्यांच्याकडे सैन्य होतं, त्यांनी नाही.

मे 1849 मध्ये लोक त्या राज्यघटनेसाठी उठले. ड्रेस्डेनच्या बॅरिकेडवर संगीतकार वाग्नर आणि रशियन क्रांतिकारक बाकुनिन दोघेही होते. बाडेनमध्ये तर सैन्यच फुटून लोकांना मिळालं. अख्ख्या क्रांतीत सैनिकांनी बाजू बदलल्याचं हेच एक मोठं उदाहरण, आणि म्हणूनच ते बंड मोडायला प्रशियाची मोहीम लागली. तिचा सेनापती राजाचा धाकटा भाऊ विल्हेल्म; बर्लिनकरांनी आधीच त्याला छर्‍यांच्या तोफगोळ्यांवरून टोपणनाव ठेवलं होतं. 23 जुलैला राश्टाटचा किल्ला पडला. त्या वेळी एक तरुण, कार्ल शुर्त्स, गटारातून निसटला. पुढे तो अमेरिकेचा गृहमंत्री झाला. फ्रांकफुर्टमधून उरलेसुरले सभासद श्टुटगार्टला गेले होते. 18 जूनला तिथल्या सरकारने घोडेस्वार घालून त्यांची मिरवणूक उधळली. मिरवणुकीत पुढे वृद्ध कवी उलांट चालत होते. घोडेस्वार पाठवणारा मंत्री र्‍योमर हा मार्च 1848च्या लाटेत सत्तेवर आलेला उदारमतवादी मंत्री आणि स्वतः फ्रांकफुर्टचा सभासद.

प्रशियाने नंतर वरून एकी करून पाहिली. 1850 मध्ये एर्फुर्टला संसद भरवली, ऑस्ट्रियाने डोळे वटारले, ब्रॉन्त्सेलला चकमकीत एक घोडा मेला आणि नोव्हेंबरअखेर ओल्म्युट्झला प्रशियाने माघार घेतली. जुना महासंघ परत आला. 1851च्या ऑगस्टमध्ये त्याने मूलभूत हक्क रद्द केले. वर्षभरात आरमार लिलावात काढलं. काही जहाजं प्रशियाने घेतली, उरलेली मिळेल त्या भावाला गेली.

आता सुरुवातीच्या प्रश्नातल्या "नुसते बोलत बसले" या वाक्याबद्दल, कारण ते कुठून आलं हेही पाहण्यासारखं आहे. 30 सप्टेंबर 1862ला प्रशियाचा नवा पंतप्रधान बिस्मार्क अर्थसंकल्प समितीपुढे म्हणाला की काळाचे मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी सुटत नाहीत, ती 1848-49ची मोठी चूक होती. ते सुटतात लोखंड आणि रक्ताने. तेव्हापासून हा निकाल पुस्तकापुस्तकांतून फिरतो आहे. निकाल देणारा माणूस मार्च 1848 मध्ये आपल्या गावच्या शेतकऱ्यांना शस्त्रं देऊन राजाला सोडवायला बर्लिनवर जायच्या बेतात होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. आणि त्या "भाषणबाजां"चं त्याने काय केलं? 1867 मध्ये उत्तर जर्मन महासंघाची संसद निवडायला त्याने 1849चाच मताधिकार उचलला, पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला समान आणि गुप्त मत. मूलभूत हक्क मात्र त्याने 1871च्या राज्यघटनेत घेतले नाहीत. ते 1919 आणि 1949च्या राज्यघटनांत परत आले.

परीक्षेत उत्तर लिहायचं असेल तर मुकुटापासून सुरुवात करू नका, पोट्सडॅमच्या छावणीपासून करा. मग माल्मो, मग विंडिशग्रेट्झ आणि व्रांगेल. मुकुट शेवटच्या परिच्छेदात आपसूक येतो. आणि जागा उरली तर झिमसन यांची पुढची गोष्ट लिहा. 18 डिसेंबर 1870ला, पॅरिसला वेढा पडलेला असताना, हेच एडुआर्ड झिमसन दुसरं शिष्टमंडळ घेऊन व्हर्सायला गेले, पुन्हा प्रशियाच्या राजाला सम्राटपद स्वीकारा म्हणायला. आता राजा होता तोच विल्हेल्म, ज्याने 1849 मध्ये बाडेन तुडवलं होतं. या वेळी त्याने होकार दिला. बव्हेरियाच्या राजाचं विनंतीपत्र त्याच्या हाती आधीच पडलं होतं, आणि त्या पत्राचा मसुदा बिस्मार्कने लिहून दिला होता.